सोळा घरांची नोंद



आजचा विषय कार्यक्रमपत्रिकेवर छापून आला तेव्हा इथल्याच एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी आम्हांला स्टेशनावर गाठले आणि विचारले, "हे कर्नेल कोण? लष्करातले का?" आम्ही म्हटले, "नाही काका, हे संगणकातले." त्यावर ते म्हणाले, "मग आम्हांला काय कळणार? पण येतो. घरी उकाड्यात बसून तरी काय करायचे!" ते पुढच्याच रांगेत बसले आहेत. आज आम्ही जे सांगणार आहोत ते त्यांना कळले तर आमचे व्याख्यान साधले, आणि कळले नाही तर दोष विषयाचा नसून आमचा, एवढे आधीच कबूल करून ठेवतो. दुसरीही एक कबुली आहे. आज सांगायची हकीगत दुसऱ्या कोणाच्या चुकीची नाही, आमच्या स्वतःच्या चुकीची आहे.

संगणकात इतर सर्व प्रोग्रॅमांवर देखरेख करणारा एक मुख्य प्रोग्रॅम असतो. त्याला कर्नेल म्हणतात. आपण त्याला गाभा म्हणू. लिनस टॉरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ साली लिहायला घेतलेला लिनक्स हा असाच एक गाभा. पुष्कळशा मोबाइल फोनांत आज तोच बसलेला आहे. या गाभ्याला छपाईचे यंत्र, कॅमेरा, तापमान मोजणारे कार्ड अशी नाना साधने जोडलेली असतात, आणि प्रत्येक साधनाची भाषा वेगळी. ती भाषा जाणणारा जो तुकडा गाभ्यात बसवतात, त्याला ड्रायव्हर म्हणतात. कर्जतला हा शब्द समजावून सांगण्याची गरज नाही. घाट चढायला मागे इंजिन लावले की नाही, हे प्रवाशाने उतरून पाहायचे नसते. ते ज्याचे त्याने पाहायचे. तसेच साध्या प्रोग्रॅमाला साधनाला थेट हात लावता येत नाही. त्याने गाभ्याच्या खिडकीशी यायचे, ठरलेल्या क्रमांकाचा हुकूम द्यायचा, आणि आत बसलेल्या ड्रायव्हरने त्याच्या हातात एक नोंद ठेवायची.

ही नोंद कशी असते, यावर आजच्या व्याख्यानाचा सारा भार आहे. तलाठ्याच्या दप्तरातील नोंदीला रकाने असतात आणि रकान्यांवर मथळे असतात. मथळा वाचून परक्या माणसालाही कळते की हे क्षेत्र आणि हा आकार. संगणकातल्या या नोंदीला मथळे नसतात. ती म्हणजे एका ओळीत मांडलेली घरे. एका घराला बाइट म्हणतात. पहिल्या चार घरांत अमुक, पुढल्या आठांत तमुक, हे देणाऱ्यालाही पाठ आणि घेणाऱ्यालाही पाठ. कोठेही लिहिलेले नाही, फक्त दोघांनी तसे मानलेले आहे. जोवर दोघे तेच मानतात तोवर सर्व सुरळीत चालते. एकाने मनात मोजणी बदलली तर दुसऱ्याला ते कळण्याचा मार्ग नाही, कारण घरात जे काही पडलेले असेल ते कोणती ना कोणती संख्या असतेच.

आता हकीगत. आपल्याच भागातील एका औषधसाठ्याच्या थंड खोलीत तापमान मोजणारे एक कार्ड एका संगणकात बसवलेले होते. त्या खोलीत लसी ठेवीत. बहुतेक लसींना २ ते ८ अंश सेल्सियस इतकेच तापमान मानवते. कार्डाचा ड्रायव्हर आम्हीच पूर्वी लिहिलेला होता. पडद्यावर आकडा दाखवणारा आणि ८ अंशांच्या वर गेल्यास घंटा वाजवणारा प्रोग्रॅम मात्र दुसऱ्या कोणी केलेला होता. तो करणारा माणूस केव्हाच दुसरीकडे निघून गेला होता आणि मूळ लेखन कोणाजवळच राहिलेले नव्हते. तयार प्रोग्रॅम तेवढा होता, आणि तो वर्षानुवर्षे बिनतक्रार चालत होता. २०२४ च्या मे महिन्यात तो जुना संगणक बंद पडला. नवा आणला. जुना ३२ बिटांचा होता, नवा ६४ बिटांचा.

बिटांचा हा फरक म्हणजे यंत्र एका खेपेस किती मोठा घास घेते, एवढाच समजा. जुने यंत्र चार घरांचा घास घेई, नवे आठ घरांचा घेते. आमच्या नोंदीत तीन गोष्टी होत्या. कोणत्या तारेवरचे माप, तो क्रमांक चार घरांत. माप केव्हा घेतले ती वेळ आठ घरांत. आणि तापमान चार घरांत. चार, आठ आणि चार मिळून सोळा, हे दुसरीतल्या मुलालाही येईल. जुन्या यंत्रावर ती बेरीज सोळाच होत असे. नव्या यंत्राचा शिरस्ता निराळा. आठ घरांची वस्तू आठाने भाग जाणाऱ्या जागीच सुरू व्हावी, म्हणजे ती एका घासात उचलता येते, असा तिथला नियम. पहिल्या चार घरांनंतर लगेच वेळ मांडली तर ती चौथ्या जागी सुरू होते. चाराला आठाने भाग जात नाही. म्हणून भाषांतर करणारा कंपायलर आपल्याला न विचारता मध्ये चार घरे रिकामी सोडतो. शेवटीही पुढच्या नोंदीची जागा जुळावी म्हणून आणखी चार रिकामी सोडतो. सोळांची झाली चोवीस. आम्ही लिहिलेल्या ओळींत एक अक्षरही बदललेले नव्हते. ओळी त्याच, नोंद निराळी.

पहिल्या दिवशी यंत्राने आम्हांला बजावले, हे त्याच्या बाजूने सांगितले पाहिजे. लिनक्समध्ये अशा हुकमाचा जो क्रमांक असतो, त्यातच नोंदीची लांबी गुंफलेली असते. जुना प्रोग्रॅम सोळा घरांच्या नोंदीचा क्रमांक देत होता, ड्रायव्हर चोवीस घरांचा क्रमांक ओळखत होता. त्यामुळे पडद्यावर संदेश आला की हा हुकूम या साधनासाठी योग्य नाही. या संदेशाची जुन्या युनिक्समधील शब्दरचना मोठी गमतीची होती. तिचा अर्थ होई, "हा टाइपरायटर नव्हे". तारायंत्राच्या धर्तीची टंकयंत्रे संगणकाला जोडीत त्या काळची ती भाषा. लस ठेवण्याच्या खोलीत "हा टाइपरायटर नव्हे" असे कोणी म्हटले असते तर निदान हसून तरी आम्ही थांबलो असतो. आम्ही थांबलो नाही.

खोलीत लसी होत्या, मे महिना होता, अधिकारी दर तासाला फोन करीत होते. आम्ही घाई केली. जुना क्रमांक आला तरी तो स्वीकारावा, आणि समोरच्याला सोळाच घरे हवी आहेत तर चोवीसांतली पहिली सोळा कापून द्यावीत, एवढा फेरफार आम्ही ड्रायव्हरमध्ये केला. प्रोग्रॅम चालू झाला. पडद्यावर आकडा आला, ३.९९ अंश. लसीला याहून उत्तम तापमान कोणते? अधिकाऱ्यांनी चहा मागवला. आम्ही तो प्यालो आणि घरी आलो.

त्या खोलीवर एक जुने परिचर होते. त्यांचे नाव सांगण्याची त्यांची परवानगी नाही. आम्ही त्यांना मामा म्हणत असू. खोलीत काचेचा एक तापमापकही टांगलेला होता, आणि तो सकाळ-संध्याकाळ वाचून वहीत आकडा लिहायचा, असा नियम होता. पडदा आल्यापासून त्या वहीकडे कोणी पाहत नसे. मामा मात्र लिहीत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी आम्हांला फोन करून सांगितले, "साहेब, तुमचा आकडा मरून पडलाय. दार उघडं टाकून बघितलं, तरी हलत नाही." आम्ही काय उत्तर दिले ते सांगायला आज लाज वाटते. आम्ही म्हटले, "मामा, काचेचा जुना झाला असेल. नवे यंत्र फार स्थिर आहे." मामा बरे म्हणाले. आठव्या दिवशी संध्याकाळी वीज गेली, जनित्राने दगा दिला, आणि काचेचा पारा ९ वर गेला. पडद्यावर ३.९९ होते. घंटा वाजली नाही. मामांनी आम्हांला विचारले नाही आणि अधिकाऱ्यांनाही विचारले नाही. बर्फ घातलेल्या शीतपेट्यांत त्यांनी स्वतः सगळा साठा हलवला आणि वहीत वेळ लिहून ठेवली. साठा वाचला. किती वेळ तापमान वर होते हे नंतर त्या वहीवरूनच ठरवता आले, कारण आमच्या यंत्राकडे सांगण्यासारखे काही नव्हते.

रात्री आम्ही तिथे जाऊन बसलो. ३.९९ हा आकडा आला कोठून? तो तापमानाचा नव्हताच. प्रोग्रॅम तापमान शोधत होता बाराव्या जागेपासून पुढल्या चार घरांत, कारण जुन्या मांडणीत ते तिथे असे. नव्या मांडणीत त्या चार घरांत वेळेचा वरचा अर्धा भाग येऊन बसलेला होता. खरे तापमान सोळाव्या जागी, म्हणजे आम्ही कात्रीने उडवलेल्या भागात पडलेले होते. आम्ही वेळ मोजत होतो १ जानेवारी १९७० पासून, सेकंदाच्या हजाराव्या भागात. मे २०२४ मध्ये ती संख्या एक लाख एकाहत्तर हजार कोटींच्या घरात होती. चार घरांत सुमारे ४२९ कोटींपर्यंतच मोजता येते. विजेच्या मीटरची चाके आठवा. उजवीकडचे चाक पुरे फिरले की डावीकडचे एकाने पुढे सरकते. इथे खालचे चार घरांचे चाक एकदा पुरे फिरायला ४९ दिवस १७ तास लागतात. तेवढ्यात वरचे चाक एकाने सरकते, आणि मे महिनाभर ते ३९९ वर उभे होते. तापमान आम्ही अंशाच्या शंभराव्या भागात लिहीत असू. प्रोग्रॅमाने ३९९ वाचले आणि प्रामाणिकपणे ३.९९ दाखवले. नोंदीतली वेळही चुकीचीच पोहोचत होती, पण पडद्यावर तो प्रोग्रॅम स्वतःच्याच घड्याळातली वेळ दाखवी, त्यामुळे तिकडे कोणाचे लक्ष गेले नाही.

चार लाख अंश असा आकडा आला असता तर आम्ही पहिल्याच क्षणी दचकलो असतो. आम्हांला फसवले ते आकड्याच्या शहाण्या चेहऱ्याने. पहिल्या दिवशीचा तो उर्मट नकार त्यापेक्षा शतपटीने बरा होता. तो नकार आम्हीच बुजवून टाकला होता.

मग दुरुस्ती कशी करायची? इथून दोन स्टेशने पलीकडे नेरळ आहे. १९०७ साली माथेरानची गाडी सुरू झाली तेव्हापासून तिथे दोन मापांचे रूळ आहेत. मोठ्या गाडीचे १६७६ मिलिमीटर, छोटीचे ६१० मिलिमीटर. मोठ्या गाडीचा डबा छोट्या रुळावर ढकलून कोणी माथेरानला नेत नाही, आणि तो मावत नाही म्हणून करवतीने कापूनही नेत नाही. आम्ही नेमके तेच केले होते. नेरळला प्रवासी एका गाडीतून उतरतो, आपले सामान मोजून घेतो आणि दुसऱ्या गाडीत बसतो. वेळ जातो, पण माणूस पुरता पोहोचतो.

लिनक्समध्ये ही सोय आहे. ६४ बिटांच्या गाभ्यावर ३२ बिटांचा प्रोग्रॅम आला की तो कोणत्या जातीचा आहे हे गाभ्याला कळते, आणि २००५ पासून ड्रायव्हरला अशा जुन्या पाहुण्यांसाठी एक वेगळी खिडकी ठेवता येते. तिला कॉम्पॅट आयओक्टल असे नाव आहे. नाव विसरलात तरी चालेल. आम्ही त्या खिडकीशी जुन्या सोळा घरांच्या नोंदीचा नमुना स्पष्ट लिहून ठेवला. मग नव्या नोंदीतील क्रमांक उचलून जुन्या नोंदीच्या क्रमांकाच्या जागी, वेळ वेळेच्या जागी, तापमान तापमानाच्या जागी, असे एकेक हाताने उतरवले. सारा फेरफार फार तर तीसचाळीस ओळींचा. तो लिहायला एक रात्र पुरली. आठ दिवसांपूर्वी ती रात्र आम्ही काढली नव्हती.

पुढे येणाऱ्या प्रोग्रॅमांसाठी आम्ही एक नवी नोंदही ठरवली. तीत वेळेची आठ घरे आधी, मग क्रमांकाची चार, मग तापमानाची चार. आता आठांची वस्तू शून्याच्या जागी सुरू होते, कोणाला मध्ये रिकामे घर सोडावे लागत नाही, आणि जुन्या व नव्या दोन्ही यंत्रांवर बेरीज सोळाच येते. पहिल्याच वेळी एवढा क्रम बदलला असता तर आजचे व्याख्यान झाले नसते. पण इथेही एक खाचखळगा आहे. लांबी दोन्हींची सोळा आणि क्रम मात्र निराळा. म्हणजे लांबी गुंफलेला तो क्रमांक आता आपले रक्षण करणार नाही. म्हणून नव्या नोंदीला हुकमाचा क्रमांकच नवा दिला. जुना क्रमांक जुन्या नोंदीचा राहिला आणि तो तसाच राहील.

रिकाम्या घरांविषयी दोन शब्द. रिकामे म्हणजे कोरे नव्हे. शाळेत दुसऱ्याची पाटी मागून आणली तर तिच्यावर त्याचे गणित उरलेले असते. गाभ्याच्या स्मृतीतली जी जागा ड्रायव्हर वापरायला घेतो, तिच्यात आधीच्या कोणाच्या तरी गोष्टी पडलेल्या असू शकतात; कदाचित कोणाचा परवलीचा शब्दही. ती पट्टी न पुसता बाहेर दिली तर रिकाम्या घरांतून ते सारे परक्याच्या हाती जाते. गाभ्यातील गुपिते अशा वाटेने फुटल्याची उदाहरणे खरोखर घडलेली आहेत. म्हणून आधी सर्व घरांत शून्य भरायचे आणि मग लिहायचे.

व्याख्यानाच्या तयारीत आमच्यातल्याच एका तरुणाने विचारले होते, "एवढा खटाटोप कशाला? तो जुना प्रोग्रॅम टाकून नवा का नाही लिहायचा?" प्रश्न रास्त आहे. आम्ही नवा लिहिलाही असता. पण ड्रायव्हर आमच्या हातात आहे आणि तो बदलता येतो. जुना प्रोग्रॅम कोणाच्याच हातात नाही. असे किती प्रोग्रॅम कोणत्या वजनकाट्यावर आणि कोणत्या प्रयोगशाळेत चालत असतील हे ड्रायव्हर लिहिणाऱ्याला कधी कळत नाही. टॉरवाल्ड्स यांचा याबाबतचा आग्रह प्रसिद्ध आहे. गाभा सुधारताना त्यावर चालणारा प्रोग्रॅम मोडला, तर चूक गाभ्याची धरायची. आपल्या रेल्वेनेही हेच केले. मुंबईत १९२५ साली विजेची गाडी सुरू झाली ती १५०० व्होल्टच्या एकदिश विजेवर. पुढे २५,००० व्होल्टची प्रत्यावर्ती वीज आणायचे ठरले, आणि मध्य रेल्वेचे मुंबईतले ते काम २०१६ साली पुरे झाले. मधल्या वर्षांत काही भागात जुनी वीज, काही भागात नवी. दोन्ही विजांवर चालतील अशी इंजिने आणि लोकल गाड्या रेल्वेने त्या काळात चालवल्या. व्होल्ट बदलले म्हणून डब्यातल्या कोणाला उठून दुसऱ्या गाडीत बसावे लागले नाही. ओझे इंजिनाने उचलले.

मराठी माणसाला हा घोळ अगदीच परका नाही. आपण "पंचवीस" म्हणतो तेव्हा आधी पाच आणि मग वीस म्हणतो, पण लिहिताना दोन आधी लिहितो. तोंडाचा क्रम एक, हाताचा दुसरा. यंत्रांतही याच दोन जाती आहेत: काही संख्येचे लहान टोक आधी मांडतात, काही मोठे. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात "वीस पाच" असे वाचन आले तेव्हा महाराष्ट्रभर केवढा वाद झाला ते आपल्याला आठवत असेल. आमच्या खोलीतील दोन्ही यंत्रे सुदैवाने लहान टोक आधी मांडणारी होती. लग्नपत्रिकेचा मजकूर एका छापखान्यातून दुसऱ्यात नेला की त्याची चित्रविचित्र अक्षरे होत, हे तर पुष्कळांनी भोगलेले आहे. अक्षरांच्या संकेतांचे भारतीय प्रमाण १९९१ साली झाले होते, त्याच सुमारास युनिकोडही आले, तरी छापखाने बरीच वर्षे आपापल्या अक्षरसंचांना चिकटून राहिले. "दर्या" आणि "दऱ्या" यांतला फरक सांभाळायलाही युनिकोडमध्ये आजसुद्धा दोन वेगळ्या मांडण्या चालतात.

एक तारीख आपण लिहून ठेवावी. पुष्कळ जुन्या नोंदींत वेळ सेकंदांत, अवघ्या चार घरांत ठेवलेली आहे, आणि त्यातही अर्धी मजल ऋण संख्यांसाठी राखलेली. ही घरे १९ जानेवारी २०३८ रोजी, मंगळवारी, आपल्या घड्याळाने सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी भरतात. पुढच्या सेकंदाला असे यंत्र समजेल की डिसेंबर १९०१ चालू आहे. माथेरानची गाडीदेखील तेव्हा सुरू व्हायची होती. लिनक्सने आपल्या गाभ्यातील हे काम बहुतांशी २०२० पर्यंत उरकले. पण त्यासाठी वेळेची चार घरांची आठ घरे करावी लागली. म्हणजे नोंदीची लांबी बदलली आणि अशी वेळ देणाऱ्या ड्रायव्हरांना आज सांगितलेले सारे पुन्हा करावे लागले.

थंड खोलीचे काम आटोपल्यावर आम्ही आमचा तो कापाकापीचा ड्रायव्हर पुसून टाकला नाही. टेबलावरच्या एका यंत्रावर तसाच चालू ठेवला. हिशेबाने १० जून २०२४ रोजी सकाळी ८ वाजून ५ मिनिटे १८ सेकंदांनी वरचे चाक ३९९ वरून ४०० वर सरकायला हवे होते. आम्ही मामांना बोलावून घेतले. ते वही घेऊन आले. आठ वाजून पाच मिनिटांनी पडद्यावर ३.९९ चे ४.०० झाले. मामांनी आपल्या घड्याळात वेळ पाहिली, वहीत लिहून घेतली आणि आम्हांला म्हणाले, "आता परत कधी हलणार?" आम्ही जुलै अखेरची तारीख काढून दिली. तीही त्यांनी लिहून घेतली.